मूर शहरातील शिरगणती

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा शहरात दर शनिवारी दुपारी बारा वाजता धोक्याचे भोंगे वाजवून पाहिले जातात. त्या दिवशी वादळाची शक्यता असेल तर चाचणी रद्द होते, कारण खरा इशारा आणि चाचणी यांची गल्लत होऊन चालणार नाही, हे इथल्या माणसांनी जिवाची किंमत मोजून शिकून घेतले आहे. मी राहते ते नॉर्मन हे गाव ओक्लाहोमा शहराच्या दक्षिणेला आहे आणि या दोन्हींच्या मधोमध मूर नावाचे शहर आहे. मी इथे राहायला आले ती मूरवर २०१३ साली आलेल्या टॉर्नेडोच्या, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या प्रचंड वावटळीच्या, आघातानंतर. तरी त्या दिवसाविषयी मी इतक्या तोंडून ऐकले आहे, आणि त्यात लष्करी वसाहतीतल्या साध्या माणसांनी केलेल्या कामाविषयी इतके कमी लिहिले गेलेले पाहिले आहे, की हा लेख लिहिणे मला आवश्यक वाटले.

२० मे २०१३, सोमवार. दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी हवामान खात्याने टॉर्नेडोचा इशारा दिला आणि २ वाजून ५६ मिनिटांनी मूरच्या पश्चिमेला न्यूकॅसलजवळ तो जमिनीला टेकला. मधली सोळा मिनिटे ही या शास्त्राच्या हिशेबाने चांगली सवड होती, पण ज्यांच्या घराला तळघर नाही, त्यांनी सोळा मिनिटांत जायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. तो टॉर्नेडो ३९ मिनिटे जमिनीवर होता. त्याने सुमारे २२ किलोमीटरची वाट कापली, काही ठिकाणी त्याची रुंदी दीड किलोमीटरहून अधिक होती आणि वाऱ्याचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या पुढे गेल्याचा अंदाज आहे. तीव्रतेच्या मोजपट्टीवर त्याला सर्वांत वरची, म्हणजे पाचवी पायरी दिली गेली. शाळा सुटायला थोडाच वेळ उरला होता. ब्रायरवूड शाळा जमीनदोस्त झाली, पण आतले सगळे वाचले. प्लाझा टॉवर्स शाळेत सात मुले गेली.

त्या रात्री वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयाने मृतांचा आकडा ५१ सांगितला आणि तो आणखी वाढेल असेही सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आकडा २४ वर आला. गोंधळात काही मृतांची नोंद दोनदा झाली होती. जगाच्या दृष्टीने ही दिलासा देणारी दुरुस्ती होती, पण ज्या घरातले माणूस अजून सापडलेले नव्हते, त्या घराने ती रात्र ५१ या आकड्याबरोबर काढली होती. म्हणूनच मला असे वाटत आले आहे, की अशा संकटात अन्न, पाणी, पांघरूण यांच्याही आधी लागणारी मदत म्हणजे नेमकी मोजणी. कोण आहे, कोण नाही, कोण कुठे आहे, हे नावानिशी ठाऊक असणारे कोणीतरी असणे. आणि ही सवय ज्यांच्या अंगात रोजच्या हजेरीने मुरलेली असते, अशी एक मोठी वस्ती मूरच्या अगदी शेजारी होती.

मूरच्या ईशान्येला, मिडवेस्ट सिटीला लागून टिंकर हवाई तळ आहे. ओसेज या मूळनिवासी जमातीचे मेजर जनरल क्लॅरेन्स टिंकर १९४२ साली दुसऱ्या महायुद्धात विमानासह बेपत्ता झाले, त्यांचे नाव या तळाला दिले आहे. पाठीवर मोठी तबकडी घेऊन फिरणारी अवॅक्स टेहळणी विमाने इथली. केसी-१३५ ही हवेत इंधन भरणारी विमाने आणि तऱ्हेतऱ्हेची जेट इंजिने पार उलगडून पुन्हा जोडण्याचे अवाढव्य कारखानेही इथेच आहेत. गणवेशातले सैनिक आणि नागरी कर्मचारी मिळून वीस हजारांहून अधिक माणसे इथे काम करतात, आणि नागरी कर्मचारी संख्येने कितीतरी जास्त आहेत. यांतली बहुतेक माणसे तळाच्या कुंपणाआड राहत नाहीत. ती मिडवेस्ट सिटी, डेल सिटी, मूर, नॉर्मन अशा गावांत घरे घेऊन राहतात, त्यांची मुले तिथल्याच शाळांत जातात. त्यामुळे मूरवर टॉर्नेडो आला, तेव्हा लष्कराने शेजारच्या गावाला मदत केली, हे वर्णन पुरते खरे नाही. ज्यांची घरे गेली त्यांत टिंकरची कितीतरी कुटुंबे होती, आणि जे मदतीला धावले ते त्यांचेच पाळीतले सोबती होते.

टॉर्नेडोशी या तळाचे नाते फार जुने आहे, आणि त्याची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला जमणार नाही. २० मार्च १९४८ च्या रात्री खुद्द टिंकरवरच टॉर्नेडो आला आणि त्याने उभी विमाने एकमेकांवर आदळून मोडून टाकली. एक कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. तळाचे प्रमुख जनरल फ्रेड बोरम यांनी मेजर अर्नेस्ट फॉबुश आणि कॅप्टन रॉबर्ट मिलर या आपल्या दोन हवामान अधिकाऱ्यांना विचारले, की हे आधी सांगता येईल का. त्या काळी सरकारी हवामान खाते अंदाजात टॉर्नेडो हा शब्द वापरायचेही टाळत असे, कारण लोक घाबरून सैरावैरा पळतील अशी भीती होती. दोघांनी जुने नकाशे काढून अभ्यास केला. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशावर तशीच लक्षणे दिसली. एकाच जागी पाच दिवसांत दोनदा टॉर्नेडो येणे जवळजवळ अशक्य, हे दोघांनाही कळत होते, तरी त्यांनी दुपारी तीनच्या सुमारास अंदाज दिला. विमाने हँगरमध्ये नेण्यात आली, सुटे सामान बांधून ठेवण्यात आले, माणसांना सुरक्षित जागी हलवण्यात आले. संध्याकाळी सहाच्या सुमारास तळावर टॉर्नेडो आला. नुकसान झालेच, पण पहिल्यापेक्षा कमी. टॉर्नेडोचा अधिकृत अंदाज खरा ठरल्याची ही पहिली घटना मानली जाते. आज देशभराच्या वादळांवर लक्ष ठेवणारे केंद्र माझ्या गावात, नॉर्मनमध्ये आहे, आणि त्याची वंशावळ मागे नेत गेले की टिंकरच्या त्या दोन अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचते. २०१३ साली मूरला मिळालेली ती सोळा मिनिटे ही टिंकरच्या मदतीचीच सुरुवात होती, असे मी मानते, मग ती ६५ वर्षे आधी सुरू झालेली का असेना.

माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनी सगळी नोकरी टिंकरच्या इंजिन दुरुस्ती विभागात केली आणि २०१३ साली ते एका पाळीचे पर्यवेक्षक होते. त्या दुपारी टॉर्नेडो मूरमधून जात असतानाच त्यांनी पाळीतल्या माणसांच्या नावांचा कागद खिशातून काढला. फोन लागत नव्हते. संदेश मात्र अधूनमधून जात होते. त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न पाठवला: आपण आणि घरचे ठीक आहात का? उत्तर आले की नावापुढे खूण. घर गेले असे उत्तर आले तर खुणेपुढे एक लहान चौकोन. रात्री उशिरापर्यंत एक सोडून सगळ्या नावांपुढे खुणा झाल्या होत्या. ते एक नाव दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीच्या वेळेला तळाच्या फाटकावर येऊन उभे राहिले. फोन राडारोड्यात गेलेला, ओळखपत्र गेलेले, बायको आणि मुलगी नातेवाइकांकडे सुखरूप. सुट्टी असूनही तो माणूस कामावर का आला, असे मी विचारले, तेव्हा शेजारी म्हणाले, "त्याचा पत्ताच उरला नव्हता. जिथे आपले नाव ठाऊक आहे अशी दुसरी कोणती जागा त्याला आठवली नाही." तो कागद त्यांनी मला दाखवला आहे. घडीवर फाटलेला, तेलकट बोटांचे डाग पडलेला, आणि खुणा मात्र एकाही नावापुढे गाळलेल्या नाहीत.

एका पर्यवेक्षकाने कागदावर केले, ते हवाई दल आता यंत्रणेने करते. संकट आले की त्या भागातल्या प्रत्येक सैनिकाने, कर्मचाऱ्याने आणि त्यांच्या कुटुंबांनी एका संगणकीय नोंदवहीत आपण सुखरूप असल्याचे कळवायचे असते. केवळ इतकेच नव्हे, तर निवारा हवा आहे का, औषधे संपली आहेत का, मुलांच्या शाळेचे काय, बेपत्ता कोण आहे, हेही तिथेच नोंदवायचे असते आणि मग त्या कुटुंबासाठी नेमलेला माणूस प्रश्न सुटेपर्यंत पाठपुरावा करतो. कोणाला हा कागदी घोडा वाटेल. मला तसे वाटत नाही. घर कोसळलेल्या माणसाला दहा खिडक्यांवर दहा वेळा आपली कहाणी सांगावी लागणे ही छळाची गोष्ट आहे, आणि ती एकदाच सांगून पुरणे हा फार मोठा आधार आहे.

प्रत्यक्ष ढिगाऱ्यात शिरण्याचे काम अग्निशामक दल, पोलीस, शोधपथके आणि गव्हर्नर मेरी फॅलिन यांनी पाचारण केलेले नॅशनल गार्डचे जवान यांनी केले. अमेरिकेत लष्कराने देशांतर्गत पोलिसांचे काम करू नये असा १८७८ सालचा कायदा आहे, म्हणून अशा वेळी राज्याच्या गव्हर्नरच्या हुकमातले नॅशनल गार्ड पुढे येते. मात्र जीव वाचवण्याची निकड असेल आणि स्थानिक प्रशासनाने मागणी केली असेल, तर जवळच्या तळाचा प्रमुख राजधानीच्या आदेशाची वाट न पाहता पहिले काही तास आणि दिवस मदत पाठवू शकतो. गार्डचे हे जवान म्हणजे एरवी शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी. त्यांतलेही अनेकजण याच गावांचे.

मूरच्या अग्निशामक दलाच्या प्रमुखांनी ठरवले होते, की पडझड झालेली प्रत्येक वास्तू किमान तीनदा तपासायची. गल्ल्यांच्या पाट्या उडून गेल्या होत्या, झाडे नव्हती, वळणावरची ओळखीची घरे नव्हती. जन्मभर तिथे राहिलेली माणसेसुद्धा आपली गल्ली कोणती ते सांगू शकत नव्हती, म्हणून लोकांनी उरल्यासुरल्या भिंतींवर रंगाने घरक्रमांक लिहिले. शोधपथकांची खूण वेगळी असते. पथक आत शिरताना भिंतीवर एक तिरकी रेघ मारते. बाहेर पडताना तिला छेदणारी दुसरी रेघ. त्या फुलीच्या चार कोनांपैकी डावीकडे पथकाचे नाव, वर बाहेर पडल्याची तारीख आणि वेळ, उजवीकडे आत काय धोका आहे ते, गॅस गळतो आहे की छत लोंबते आहे, आणि खाली आत किती माणसे आहेत याची संख्या. खालच्या कोनात शून्य लिहिलेले असले की घरमालक त्या भिंतीपाशी उभा राहून रडत असे, असे शेजाऱ्यांनी सांगितले. ते शून्य म्हणजे कोणीतरी आत जाऊन, खोली अन् खोली पाहून, शोधून, स्वतः खात्री केल्याची नोंद होती.

मला हे सगळे इतके जवळचे का वाटते, ते सांगायला हवे. माझे वडील तोफखान्यात सुभेदार होते आणि माझे बालपण देवळालीसह निरनिराळ्या छावण्यांत गेले. दर दोन-तीन वर्षांनी बदली. काळ्या रंगाच्या पत्र्याच्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या अक्षरांत वडिलांचा हुद्दा आणि नाव, आणि मागच्या ठिकाणाचा पत्ता रंगवून मिटवल्याचे आयताकृती डाग. नव्या क्वार्टरमध्ये पाऊल ठेवले की पहिल्या दिवशी आईने कधी स्वयंपाक केल्याचे मला आठवत नाही. शेजारची पंजाबी काकू चहा आणि पराठे घेऊन येई, संध्याकाळचे जेवण पलीकडच्या तमिळ कुटुंबाकडून येई, आणि भाषा येत नसली तरी आईला दूध कुठे मिळते, शाळेची गाडी कुठे थांबते, दवाखाना कधी उघडतो हे रात्रीपर्यंत कळलेले असे. वडील सीमेवर असत तेव्हा कोणत्या क्वार्टरमध्ये कोणाचे मूल तापाने फणफणले आहे आणि कोणाचे दिवस भरत आले आहेत, हे त्या बायकांना तोंडपाठ असे. ज्यांना पुन्हा पुन्हा घर मोडून घर मांडावे लागते, त्यांना बेघर माणसाच्या पहिल्या रात्रीची गरज विचारावी लागत नाही. टिंकरच्या कुटुंबांचेही असेच आहे. तीही दर काही वर्षांनी कॅलिफोर्नियातून जपानला आणि जपानहून ओक्लाहोमाला जाणारी माणसे. मूरमधल्या कुटुंबांसाठी तळावरच्या बायकांनी काय काय केले, याची यादी शेजाऱ्यांच्या पत्नीने मला सांगितली, तेव्हा त्या यादीत मोठे काही नव्हते: चिखलाने माखलेले कपडे घरी नेऊन धुऊन, घड्या घालून परत देणे, विमा कंपनीच्या फोनवर तासन्‌तास ताटकळत बसणे, आईवडील राडारोडा उपसत असताना लहान मुलांना सांभाळणे. ते ऐकताना मला देवळालीतल्या त्या काकूच बोलत आहेत असे वाटत होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली आणि कोल्हापूरला महापुराने वेढले, तेव्हा लष्कराच्या आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना बोटींत बसून राख्या बांधणाऱ्या बायका आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिल्या. ती कृतज्ञता खरी होती आणि मलाही तेव्हा भरून आले होते. फरक एवढाच, की आपल्याकडचा जवान दूरच्या प्रांतातून येतो, जीव धोक्यात घालून माणसे वाचवतो आणि पाणी ओसरले की निघून जातो. त्याचे नाव आपल्याला कळत नाही, त्यालाही आपले कळत नाही. मूरमध्ये वाचवणारा आणि वाचलेला पुढची वीस वर्षे त्याच दुकानात भेटणार होते. यामुळे मदतीला मुदत राहिली नाही.

पैशांचे सांगायचे तर, हवाई दलातल्या कुटुंबांसाठी १९४२ पासून एअर फोर्स एड सोसायटी ही संस्था आहे. जनरल हॅप आर्नल्ड यांनी ती उभी केली. अडचणीतल्या कुटुंबाला ती बिनव्याजी कर्ज देते, गरज पाहून अनुदानही देते. पण ही सोय प्रामुख्याने गणवेशातल्या माणसांसाठी आहे, आणि टिंकरचे बहुसंख्य कामगार नागरी. मला ही विभागणी खटकते. नाटबोल्ट आवळणारा हात आणि विमान उडवणारा हात यांत संकटाच्या वेळी तरी भेद नसावा. तो भेद सहकाऱ्यांनी आपल्या परीने भरून काढला. अमेरिकेच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना आपली साठलेली रजा संकटात सापडलेल्या सहकाऱ्याच्या नावे करता येते. शेजाऱ्यांच्या विभागात ज्यांनी निवृत्तीसाठी रजा राखून ठेवली होती, त्यांनीही ती दिली. घर उभारणाऱ्या माणसाला पैशांइतकीच दिवसांची निकड असते, हे त्याच्या शेजारी उभे राहून काम करणाऱ्यालाच कळते.

याखेरीज माजी सैनिक आले. हैतीच्या भूकंपानंतर, २०१० साली, जेक वुड आणि विल्यम मॅकनल्टी या दोन माजी मरीन सैनिकांनी टीम रुबिकॉन नावाची संघटना सुरू केली. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांना पुन्हा काहीतरी अर्थपूर्ण काम आणि सोबत्यांची तुकडी मिळावी, आणि आपत्तीग्रस्तांना कसलेले हात मिळावेत, असा तिचा दुहेरी हेतू. राखाडी सदरे घातलेले हे लोक देशाच्या कानाकोपऱ्यांतून मूरला आले. त्यांची पद्धत मला फार भावते. आधी एक लहान पथक घरोघरी जाते, मालकाशी बोलते आणि काय हवे ते कागदावर उतरवून घेते: झाड तोडायचे, ताडपत्री बांधायची, भिंत पाडायची, की केवळ वस्तू शोधायच्या. त्या कागदावर मालकाची सही झाल्याशिवाय फावडे उचलले जात नाही. परक्याला जो कचरा दिसतो, त्यात कोणाच्या आजीची शिवणपेटी असते. म्हणून ढिगारा ट्रकमध्ये भरण्याआधी लाकडी चौकटीला जाळी ठोकून माती चाळली जाते आणि सापडलेले फोटो, अंगठ्या, पदके एका टेबलावर मांडून ठेवली जातात. युद्धात बरेच काही गमावून आलेल्या या मुलांना दुसऱ्याचे हरवलेले शोधून देण्यात स्वतःलाही काही गवसत असावे. संघटनेच्या पहिल्या कार्यकर्त्यांपैकी क्ले हंट हा मरीन २०११ साली आत्महत्या करून गेला. माजी सैनिकांच्या आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ साली झालेल्या कायद्याला त्याचे नाव दिले आहे. त्याच्या मित्रांपैकी काहीजण मूरच्या चिखलात उभे असतील, तेव्हा एकमेकांची हजेरी तेही घेत असणार.

सगळीच मदत अशी जाणती नव्हती. कोणत्याही मोठ्या संकटानंतर होते तसे जुन्या कपड्यांचे डोंगर येऊन पडले, आणि ते निवडायलाच माणसे लागली. त्यातच ३१ मे रोजी पश्चिमेला एल रिनोजवळ आणखी एक टॉर्नेडो आला, सुमारे ४.२ किलोमीटर रुंदीचा, आजवर नोंदलेल्यांत सर्वांत रुंद. त्या संध्याकाळी मूरमधली मदतीची कामे सोडून सगळ्यांना पुन्हा आडोसा शोधावा लागला, आणि शेजाऱ्यांनी तोच कागद पुन्हा बाहेर काढला.

मूरने पुढे बरेच काही केले. २०१४ साली ताशी १३५ मैल, म्हणजे सुमारे २१७ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात टिकतील अशीच नवी घरे बांधण्याचा नियम शहराने केला. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. प्लाझा टॉवर्स आणि ब्रायरवूड या दोन्ही शाळा सुरक्षित खोल्यांसह पुन्हा बांधल्या गेल्या. आणखी एक सोय शहराकडे आहे, जिची बाहेरच्यांना फारशी माहिती नसते. घरात किंवा अंगणात पुरलेला वादळनिवारा असेल, तर त्याची जागा शहराकडे नोंदवून ठेवता येते. कारण घर कोसळून निवाऱ्याच्या झाकणावर पडले, तर आतली माणसे जिवंत असूनही अडकतात, आणि शोधपथकाला नेमके कुठे खणायचे ते ठाऊक असावे लागते. आजूबाजूच्या शहरांतही अशी नोंदणी आहे.

दर वसंत ऋतूत टिंकरला बदली होऊन नवी कुटुंबे येतात. त्यांतल्या अनेकांनी टॉर्नेडो कधी पाहिलेला नसतो. माझे शेजारी आणि त्यांच्या जुन्या पाळीतले काहीजण या कुटुंबांकडे जाऊन बसतात. मुलांसाठी सायकलचे हेल्मेट निवाऱ्यात ठेवा, कारण डोक्याला मार लागूनच माणसे अधिक दगावतात. पायांत जाड तळव्याचे बूट हवेत, कारण बाहेर पडल्यावर सगळीकडे काचा आणि खिळे असतात. गळ्यात शिट्टी अडकवा, कारण ओरडून ओरडून आवाज बसतो. आणि निवाऱ्याची नोंद करा. या वर्षी ते असेच एका नव्या कुटुंबाकडे निघाले होते. जाता जाता माझ्या फाटकाशी थांबले आणि त्यांनी विचारले, "तुमच्या निवाऱ्याची नोंद झाली आहे ना? त्यावर घरातल्या माणसांची संख्या बरोबर आहे का? तुमची आई आता इथे राहायला आली आहे." मी आत जाऊन नोंद उघडली. संख्या जुनीच होती. ती बदलून, पोच मिळाल्याचे त्यांना सांगेपर्यंत ते फाटकाशी उभे राहिले आणि मग पुढच्या घराकडे गेले.